‘नाडी लागत नाही’ म्हणावं की आणखी काही?

प्रश्न : बहिणीच्या मुलीला (वय 23) ताकायासू आर्टेरायटिस (मोठ्या धमन्यांच्या भिंती सुजण्याचा आजार) निघालाय. घरच्यांसाठी मराठीत टिपण करतेय. याच आजाराला ‘पल्सलेस डिसीज’ही म्हणतात, त्याला ‘नाडीलोप’ चालेल का? विचारायचं कारण, परवा डॉक्टरबाई तिच्या डाव्या मनगटावर बोटं सरकवत म्हणाल्या, ‘नाडी लागत नाही’, आणि माझी आई मटकन खालीच बसली. नात समोर धडधाकट उभी असताना.

उत्तर : ताई, आईंचा कान बरोबर आहे. ‘नाडी लागत नाही’, ‘नाडी सुटली’ हे आपल्याकडे शेवटच्या घटकेचे शब्द. ‘नाडीलोप’ त्याच वाटेने जातो, मी टाळेन. खुद्द मिकितो ताकायासू हे जपानी नेत्रतज्ज्ञ; 1908 साली त्यांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरचं रक्तवाहिन्यांचं कडं नोंदवलं. अशा रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, हे त्याच वर्षी दुसऱ्या दोघांनी सांगितलं. म्हणून सरळ ‘ताकायासूचा आजार’ म्हणा, आणि नाडीचा उल्लेख येईल तिथे हात सांगा : ‘डाव्या हाताची नाडी लागत नाही’. एका शब्दाने भीती उतरते.

हात सांगणं उपचारासाठीही हवंच. या आजारात महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) आणि तिच्या मोठ्या शाखांच्या भिंती सुजून जाड होतात, आतली वाट अरुंद होते. मूत्रपिंडाची धमनी आवळली की रक्तदाब चढतो. पण पट्टा नाडी नसलेल्या हाताला बांधला तर आकडा कमी दिसतो, आणि चढलेला दाब नजरेतून सुटतो.

धमनीला ‘नस’ मात्र नको. ‘नस दबली’ म्हणजे मज्जातंतू, आणि रक्त काढताना ‘नस सापडत नाही’ म्हणतात ती शीर. दोन्हीही इथे नाहीत. विश्वकोशातला ‘रोहिणी’ मला फार आवडतो, पण घरात ‘धमनी’ लवकर कळेल.

प्रश्न : आणि ‘इन्फ्लमेशन’ला ‘शोथ’ की ‘दाह’? नुसतं ‘सूज’ लिहिलं तर आई तिचा हात चाचपून म्हणते, ‘कुठे आहे सूज? उलट वाळलाय.’

उत्तर : ‘दाह’ म्हटलं की पित्त आठवतं, ‘शोथ’ घरात कुणी बोलत नाही. ‘धमनीच्या भिंतीला आतून आलेली सूज’ लिहा. लांबलं तरी चालेल.

प्रश्नकर्ती : लिहिलं. तिच्या फाईलवर वरच चिकटवलंय : ‘डाव्या हाताची नाडी लागत नाही, उजव्याची लागते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रक्तदाब उजव्या हातावरच मोजावा.’ आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने नातीचा उजवा हात ओढून घेतला आणि स्वतः नाडी बघितली.