मदत हवी आहे : दादाचा अल्बम, बीटचं लायसन्स आणि हलगी

नमस्कार मंडळी. आमचा दादा कॉलेजात रॅप करायचा, मराठीत सुरू करून मधेच कन्नडात शिरायचा. मग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, लग्न झालं, वही माळ्यावर गेली. २०२५ मध्ये क्लिप्स ही अमेरिकन रॅपर भावांची जोडी २००९ नंतर पहिल्यांदा नवा अल्बम घेऊन आली. त्यातलं पहिलंच गाणं गेलेल्या आईवडिलांवर आहे. ते ऐकल्यापासून दादा जेवणं झाली की पुन्हा लिहीत बसतोय. आणि खरं सांगू, आता जास्त चांगलं लिहितोय.

अडलंय ते बीटवर, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या तयार संगीतावर. जुनी गाणी यूट्यूबवरच्या 'फ्री' बीटवर आहेत. असले बीट बहुतेकदा विनाकमाई वापरापुरतेच असतात. स्पॉटिफायवर टाकायचं तर लायसन्स लागतं. साधं लायसन्स घेतलं तर तोच बीट दुसऱ्यालाही विकला जातो, मग कंटेंट आयडीत (यूट्यूबची कॉपीराइट ओळखणारी यंत्रणा) दावा लागला की भांडण. कुणी हे निस्तरलंय का? बीटवाल्याकडून नेमकं काय लिहून घ्यायचं?

शिवाय हलगी हवी आहे, सॅम्पल नको, खरी. फायबरची चालेल असं कृपया सांगू नका, दादा ऐकत नाही. पण पावसात कातडं सैल पडतं, शेकावं लागतं, आणि इथल्या एका स्टुडिओवाल्याने आत शेगडी आणायला साफ नकार दिला (बरोबरच आहे म्हणा त्याचं). बेळगाव, खानापूर, निपाणी, फार तर कोल्हापूरपर्यंत कोणी नीट रेकॉर्ड करून देत असेल तर कळवा. वादकाला मानधन किती द्यावं तेही सांगा, फुकट वाजवून घ्यायचं नाही.