३५ मिमी स्लाइड्स डिजिटल करायच्या आहेत: फ्लॅटबेड स्कॅनर की कॅमेरा? बुरशीचं काय करायचं?

तापीकाठ (भुसावळ)

राम राम मंडळी. साधारण ४०० रंगीत स्लाइड्स (चौकटीत बसवलेले, प्रोजेक्टरवर बघायचे फिल्मचे तुकडे) आहेत, १९६८ ते १९८४ मधल्या. निम्म्याहून जास्त कोडाक्रोम, पुठ्ठ्याच्या चौकटीत. बाकी एक्टाक्रोम, पन्नासेक ओर्वोच्या (ही तिन्ही स्लाइड फिल्मची नावं), आणि चाळीस स्लाइड्स काचेत बसवलेल्या. लग्नं, केळीच्या बागा, मुक्ताईची यात्रा, शिवाय एक पूर्ण डबा अजिंठ्याचा, तो फार अंधारा आहे. सगळं लोखंडी पेटीत होतं, धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात, वर माळ्यावर. धूळ भरपूर आहे आणि तीस-चाळीस स्लाइड्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात.

एप्सन व्ही६०० हा फ्लॅटबेड स्कॅनर वापरायला मिळू शकतो. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (३५ मिमी फिल्मपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर आहे, लेन्स फक्त किटची. चांगलं कशात निघेल? किती डीपीआय (एका इंचातले ठिपके) ठेवायचं? धागे घरी साफ होतात का? आणि स्लाइड सरकवून बटण दाबायचं असं छोट्या पडद्याचं यंत्र ऑनलाइन मिळतं, ते घ्यावं का?

कपाशी_बोंड (जळगाव)

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. ते यंत्र घेऊ नका. आत मोबाइलच्या कॅमेऱ्यासारखा छोटा सेन्सर असतो, फाइल फक्त जेपीईजी मिळते, आणि बॉक्सवर लिहिलेले २२ मेगापिक्सेल बरेचदा फुगवलेले असतात. स्लाइडमध्ये उजेड आणि अंधार यांतलं अंतर निगेटिव्हपेक्षा खूप जास्त असतं. त्या यंत्रात सावल्या सरळ काळ्या होतात. अजिंठ्याचा डबा तर वायाच जाईल.

व्ही६०० वर ६४०० आणि त्याच्याही वरचे आकडे दिसतील, पण त्या स्कॅनरचा खरा तपशील १६०० डीपीआयच्या आसपासच थांबतो. स्लाइडचं चित्र २४ × ३६ मिमी. १६०० ने हिशेब केला तर सुमारे २२७० × १५१० पिक्सेल, म्हणजे ५ × ७ इंचाची चांगली प्रिंट किंवा टीव्हीवर बघण्यापुरतं. पण तेवढा तपशील पूर्ण हाती यायला स्कॅन ३२०० वर करा, त्याच्या वर गेलात तर फक्त फाइल फुगते.

झाकणाच्या आतली पांढरी गादी आधी काढा, नाहीतर फिल्मचा दिवाच उघडा पडत नाही आणि स्कॅन काळं येतं. ही चूक सगळ्यात जास्त होते. मग स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफेशनल मोड, डॉक्युमेंट टाइप फिल्म, फिल्म टाइप पॉझिटिव्ह, ४८ बिट, ३२०० डीपीआय, शार्पनिंग बंद, सेव्ह टिफमध्ये. होल्डरमध्ये एका वेळी चार स्लाइड्स बसतात.

आता महत्त्वाचं. डिजिटल आयसीई, म्हणजे इन्फ्रारेडने धूळ ओळखून पुसायची सोय, एक्टाक्रोम आणि ओर्वोवर चालू ठेवा. वेळ जास्त लागतो, पण स्पॉटिंगचे (एकेक डाग हाताने पुसायचे) तास वाचतात. कोडाक्रोमवर मात्र बंद. कोडाक्रोमचं इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) स्वतःच इन्फ्रारेड काही अंशी अडवतं, त्यामुळे गडद कडा स्कॅनरला ओरखड्यासारख्या वाटतात. केसांच्या बटा, चष्म्याची काडी, साडीचे काठ तो चाटूनपुसून टाकतो. कोडाक्रोमची धूळ फुंकून काढायची आणि उरलेली नंतर हाताने स्पॉट करायची, एवढाच उपाय. कोडाक्रोम साध्या सेटिंगवर निळसर येतात. व्ह्यूस्कॅन किंवा सिल्व्हरफास्ट या स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडाक्रोमचं वेगळं सेटिंग आहे, ते वापरा.

एफ_आठ (धुळे)

४०० स्लाइड्स असतील आणि त्यातल्या निम्म्या कोडाक्रोम, तर मी कॅमेऱ्याच्याच बाजूने. कॅमेरा आहेच, फक्त मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स भाड्याने किंवा मागून आणा. किट लेन्सला एक्स्टेन्शन रिंग (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ कडी) लावून जवळ जाता येतं, पण कोपरे मऊ पडतात.

एपीएस-सीवर पूर्ण स्लाइड भरायला साधारण ०.६५ पट लागतं, म्हणजे १:१ मॅक्रो (सेन्सरवर वस्तूएवढंच चित्र देणारी) थोडी लांब धरून. फक्त १:२ पर्यंत जाणाऱ्या जुन्या मॅक्रोवर स्लाइड फ्रेमच्या पाऊण रुंदीतच मावते. फ्रेम पूर्ण भरली तर ३६ मिमीवर ६००० पिक्सेल मिळतात, म्हणजे कागदावर ४२०० डीपीआय. चांगल्या लेन्सने त्यातला बराचसा खरा तपशील हाती येतो.

मांडणी अशी. खाली सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचं एलईडी पॅनल. स्लाइड पॅनलवर टेकवू नका, ३-४ सेंमी वर उचलून धरा, म्हणजे पॅनलवरची धूळ फोकसबाहेर जाते. स्लाइडच्या खिडकीपेक्षा थोडं मोठं भोक पाडलेला काळा कार्डपेपर पॅनलवर ठेवा. बाजूचा उजेड लेन्समध्ये शिरला की सावल्या राखाडी होतात, आणि पुष्कळांना वाटतं स्लाइडच फिकी पडली. टॅबलेटचा पांढरा पडदा उजेड म्हणून वापरायचा तर मधे दुधी अ‍ॅक्रिलिक हवंच, नाहीतर पडद्याची जाळी फोटोत येते.

कॅमेरा पॅनलला समांतर आहे का हे बघायला स्पिरिट लेव्हलपेक्षा आरसा बरा. स्लाइडच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये बघा. लेन्सचा काळा गोल फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसला की कॅमेरा समांतर. बाजूला सरकलेला दिसला तर तेवढा कॅमेरा कललेला. स्टँड म्हणून जुन्या स्टुडिओतला एन्लार्जरचा (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राचा) खांब मिळाला तर त्यासारखं काही नाही.

आयएसओ १००, एफ/८, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), मॅन्युअल फोकस, २ सेकंदांचा टायमर. फोकस पडदा मोठा करून फिल्मच्या दाण्यावर घ्या, चेहऱ्यावर नाही. पॅनल मेन्सवर असेल तर ५० हर्ट्झमुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि जलद शटरला पट्टे येतात. शटर १/५० किंवा त्याहून सावकाश ठेवा, किंवा पॅनल पॉवर बँकेवर चालवा, म्हणजे लाइट गेली तरी काम थांबत नाही. पंखा बंद हवा, एक तर खांब थरथरतो आणि दुसरं धूळ उडते. मे महिन्यात आपल्याकडे पंख्याविना बसणं कठीण, तेव्हा पहाटे काम करा.

व्हाइट बॅलन्स रिकाम्या पॅनलवर एकदा घ्या आणि सगळ्या स्लाइड्सना तोच ठेवा. एक्सपोजर मात्र प्रत्येक स्लाइडचं वेगळं, पांढरे भाग फुटणार नाहीत इतपत. अजिंठ्याच्या डब्यासाठी स्लाइड न हलवता दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) फरकाने तीन फोटो काढा आणि नंतर जोडा. कोडाक्रोमच्या काळोखात चित्र असतं, एका एक्सपोजरला ते हाती लागत नाही.

सिलिका (नंदुरबार)

बुरशीबद्दल. ते पांढरे धागे बुरशीचेच. इमल्शन म्हणजे जिलेटिन, बुरशीचं ते खाणं. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळायला लागतं, म्हणून पाणी, साबण, तोंडाची वाफ, ओला कपडा काहीही लावू नका. चित्र बोळ्यावर उतरून येईल.

९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. मेडिकलमध्ये सहसा ७० टक्क्यांचं मिळतं, त्यात ३० टक्के पाणी असतं, ते चालणार नाही. आधी टाकाऊ स्लाइडवर करून बघा. कापसाचा बोळा जेमतेम ओला, एकाच दिशेने, न दाबता, आणि दर फेरीला नवा बोळा. चकचकीत बाजू आधी. तिथली बुरशी बहुतेक निघते. मळकट, उंचसखल दिसणारी बाजू इमल्शनची, तिथे सगळ्यात हलका हात. धागा निघाल्यावरही खाली नक्षी दिसली तर तेवढं जिलेटिन खाल्लं गेलंय. तिथेच थांबा, घासून ते परत येत नाही. बुरशीच्या स्लाइड्स आजच वेगळ्या डब्यात काढा, आणि साफ करताना मास्क लावा.

साध्या धुळीला हा खटाटोप नको. रबरी ब्लोअर आणि मऊ ब्रश पुरे. धाब्याच्या छतातून झिरपणारी माती खरखरीत असते, तिच्यावर कापड फिरवलं की ओरखडे कायमचे. म्हणून स्लाइड उभी धरून आधी ब्लोअर, ब्रश नंतर.

काचेतल्या चाळीस आधी सोडवा. दोन काचांमध्ये ओल अडकते, आणि फिल्म काचेला टेकली की इंद्रधनुषी कडी उमटतात, ती नंतर काढता येत नाहीत. प्लास्टिकच्या चौकटी नखाने उघडतात. टेप लावलेल्या असतील तर ब्लेडने कडेची टेप कापा. फिल्म काचेला चिकटलेली दिसली तर ओढू नका, ती काचेसकटच स्कॅन करा.

परत ठेवताना डांबरगोळ्या आणि पीव्हीसीचे पाऊच दोन्ही नकोत. पॉलिप्रॉपिलीनचे पाऊच, सोबत सिलिका जेल, आणि पेटी माळ्यावर नाही तर खालच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून लांब.

तापीकाठ (भुसावळ)

फार मोलाचं सांगितलंत. मॅक्रोचं बघतो, कॅमेऱ्यानेच करेन. आणखी दोन गोष्टी. स्लाइड उलटी ठेवली गेली तर कळणार कसं? आणि कोणत्या वर्षीची ते कसं ठरवायचं? पेटीत सगळा काला झालाय.

एफ_आठ (धुळे)

चकचकीत बाजू तुमच्याकडे असेल तेव्हा चित्र सरळ दिसतं. फोटोत पाटी असेल तर प्रश्नच नाही. लग्नाच्या फोटोत नऊवारीचा पदर बघा, डाव्या खांद्यावर हवा.

कपाशी_बोंड (जळगाव)

पदरावर पूर्ण भिस्त नको भाऊ. आपल्याकडे गुजराती, मारवाडी घरं पुष्कळ, तिथे पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो आणि लग्नाच्या फोटोत पाहुणे सगळेच असतात. पुरुषांच्या शर्टाचा खिसा बघा. खिसा घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर, म्हणजे फोटोत तुमच्या उजव्या हाताला आला पाहिजे.

वर्षासाठी पुठ्ठ्याची चौकट बघा. कोडाक्रोमच्या चौकटीवर बहुधा महिना आणि वर्ष उमटवलेलं असतं. ती तारीख फिल्म धुतल्याची, फोटो काढल्याची नाही. रोल कॅमेऱ्यात सहा महिने पडून असेल तर दिवाळीचा फोटो चैत्राच्या तारखेचा निघेल. चौकटीवरचा आकडा हा रोलमधला अनुक्रम असतो. तारीख आणि आकडा जुळवले की काला झालेले रोल परत लागतात.

प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पेन्सिलने लिहिलेली नावं त्यावरच असतात. फाइलला नाव '१९७४-०१_डबा०३_१७' असं वर्ष, महिना, डबा, आकडा या क्रमाने द्या, आणि एक्झिफटूल या प्रोग्रॅमने तीच तारीख फाइलच्या आतही घाला. नाहीतर मोबाइलच्या गॅलरीत सगळं कुटुंब यंदाच्या तारखेला येऊन बसतं. रॉ आणि टिफ दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. व्हॉट्सअ‍ॅपवर जेपीईजी पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून.