मदत हवी आहे: रिसायकलचा हिशोब जुळत नाही

नायट्रोजन-हायड्रोजनपासून अमोनिया बनवणाऱ्या प्लांटचं गणित आहे: रूपांतर न झालेला वायू परत रिॲक्टरकडे फिरवतात (रिसायकल) आणि आरगॉन साचू नये म्हणून त्यातला थोडा बाहेर सोडतात (पर्ज). ताजी फीड (प्लांटमध्ये येणारा नवा वायू) १०० मोल: नायट्रोजन २४.५, हायड्रोजन ७३.५, आरगॉन २. एका फेरीत रूपांतर २०%, अमोनिया सगळा द्रवरूपात वेगळा, रिसायकल आणि पर्जमध्ये आरगॉन १०%.

पूर्ण प्लांटभोवती सीमा आखली की आरगॉनवरून पर्ज २० मोल आणि अमोनिया ४० मोल येतो. इथवर ठीक. पण २४.५ चे २०% घेतले तर अमोनिया जेमतेम ९.८! दोन दिवस इथेच अडकलोय.

ते २०% रिॲक्टरच्या तोंडाशी, म्हणजे फीड-रिसायकल मिसळल्यानंतरच्या प्रवाहावर लावायचे का? तसं केलं तर रिॲक्टरमध्ये नायट्रोजन १०० मोल जातो आणि रिसायकल जवळपास ३३६ मोल निघतो, फीडच्या तिप्पटीहून जास्त. आकडा बघूनच धडकी भरते. बरोबर आहे का हे?