शेतकऱ्याची मंदी १९२० सालचीच

महामंदीच्या चर्चेत बऱ्याच जणांनी '१९२९ च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे शेअर बाजार कोसळेपर्यंत, अमेरिकेत नुसती चैन होती' असं लिहिलंय. शहरांपुरतं ते चालेल. फोर्डची गाडी, रेडिओ, हप्त्यांवर घेतलेलं फर्निचर, सगळं खरं. पण १९३० मध्येही जवळपास चौथा हिस्सा लोक शेतावर राहत होते आणि त्यांची मंदी १९२० लाच सुरू झाली होती.

पहिल्या महायुद्धात सरकारनं गव्हाला बुशेलमागे (सुमारे २७ किलोमागे) दोन डॉलरहून जास्त भावाची हमी दिली. शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, ट्रॅक्टर घेतले. युद्ध संपलं, युरोपची शेती सावरली, हमी गेली आणि वर्षभरात भाव निम्म्यावर आला. कर्जाचा आकडा मात्र तोच! मग तारण जमिनींचे लिलाव, आणि शेतकऱ्यांच्या जिवावर चालणाऱ्या गावोगावच्या छोट्या बँका बुडायला लागल्या. १९२१ ते १९२९ मध्ये वर्षाला सरासरी सहाशे. तेजीच्या काळात, हे लक्षात घ्या.

शेतमालाच्या भावाला आधार देणारं मॅकनॅरी-हॉगन विधेयक काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, दोनदा मंजूर केलं. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी १९२७ आणि १९२८, दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. कारखानदारांना मात्र आयातशुल्काचं संरक्षण चालू होतं, हे मला जास्त खटकतं.