प्रति: ढगावर ढग आपटला की वीज पडते?

वर कुणीतरी लिहिलंय की दोन ढग एकमेकांवर आपटतात म्हणून वीज पडते, आमच्याही शाळेत असंच सांगायचे पण ते बरोबर नाही. एकटा ढगही पुरतो. आपटाआपटी होते ती ढगाच्या आत, बारीक हिमकण वाऱ्याबरोबर वर जात असतात आणि मऊ गारा जड म्हणून मागे राहतात, त्यांच्या टकरीत बहुतेकदा गारांवर ऋण चार्ज येतो नि हिमकणांवर धन, म्हणून ढगाचा माथा धन आणि खालचा भाग ऋण होतो. मग त्या ऋण चार्जमुळे खालच्या जमिनीवर धन चार्ज गोळा होतो, आणि हे आपल्याला अंगावर जाणवू शकतं!

मे महिन्यात एका किल्ल्यावर होतो, पाऊस अजून सुरूही नव्हता आणि अचानक हातावरचे केस उभे राहिले, लोखंडी रेलिंगमधून बारीक झिणझिण आवाज यायला लागला. सोबतचा गाववाला ओरडला, पळा खाली! आम्ही काठ्या तिथेच टाकून उतरलो, पाचेक मिनिटांत माथ्यावर वीज पडली. केस उभे राहिले तर फोटो काढत थांबू नका, झाडाखाली तर अजिबात नको, लगेच पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा.