मदत हवी आहे: १० बाय १२ ची खोली, पाठीमागे लूम आणि कमी ऐकू येणारे अण्णा. टीव्हीच्या आवाजासाठी रिसीव्हर (स्पीकर चालवणारा अँपचा डबा) कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घराच्या मागच्या भिंतीला लागून टॉवेलचा कारखाना, त्यामुळे दिवसभर लूमचा (यंत्रमागाचा) खडखडाट. इतकी सवय झालीय की रात्री लाईट गेली की शांततेनंच जाग येते. माझे वडील, अण्णा, ३४ वर्षं लूमवर होते. कानांनी त्याची किंमत मोजली. आवाज त्यांना ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. मालिका लागली की दर दोन मिनिटांनी "काय म्हणली ती?" मग आवाज वाढवायचा, तेवढ्यात जाहिरात लागते, घर हादरतं आणि आतून आई ओरडते.

घरात डीव्हीडीवाला जुना ५.१ सेट (पाच छोटे स्पीकर आणि खालच्या घुमाऱ्यासाठी एक वूफर) होता. दिवाळीत त्याचा मेन डबा गेला. दुरुस्तीवाल्यानं पंधरा दिवस ठेवून तसाच परत दिला, वर 'खोलून बघायचे' दोनशे रुपये घेतले. पाच छोटे स्पीकर आणि वूफर मात्र धडधाकट आहेत.

खोली १० बाय १२ फूट, उंचीही १०. खाली शहाबादी फरशी, भिंती मोकळ्या. टीव्ही ४३ इंची, त्याला आवाज बाहेर द्यायला एआरसी (एचडीएमआय केबलवरून) आणि ऑप्टिकल (प्रकाशाच्या केबलवरून) दोन्ही आहे. बसायची जागा टीव्हीपासून आठेक फुटांवर. टीव्ही आणि बाकीचा संसार काचेच्या शोकेसमध्ये.

रिसीव्हरसाठी ३० हजार, फार ताणलं तर ३५. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ आणि सोनीचा एसटीआर-डीएच५९० मनात आहेत. दुकानात चौकशी केली तर तो म्हणाला, "हे सत्तर वॅटचं काय घेता ओ, त्यात हजार वॅटचा सेट येतोय की!" गोंधळ वाढला.

१. सत्तर वॅट खरंच कमी पडतील का?
२. जुने स्पीकर आणि वूफर नव्या रिसीव्हरला चालतील का?
३. जुना रिसीव्हर स्वस्तात मिळाला तर घ्यावा का?

जाणकारांनी कृपया सांगावं. "साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा एकच लांब स्पीकर) घ्या" हे तीन मित्रांनी सांगून झालंय.

प्रतिसाद १

आधी वॅटचं भूत उतरवा. साधारण ८८ डीबीचा (डीबी म्हणजे आवाजाचं माप) स्पीकर १ वॅटवर एक मीटर अंतरावर ८८ डीबी आवाज देतो. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डीबी वाढतात. म्हणजे १६ वॅटला १००, आणि तुमच्या आठ फुटांवर पोचेपर्यंत ९२ च्या आसपास. हा आवाजसुद्धा तुमच्या आई चालवून घेणार नाहीत. व्ही३८५ चे ७० वॅट हे दोन चॅनेल एकदम चालवून, ६ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) मोजलेले आहेत. दुकानदाराचे हजार कशावर मोजले ते त्यालाच विचारा.

जुन्या स्पीकरच्या मागचं लेबल वाचा. अशा सेटमधले स्पीकर बरेचदा ३ ओहमचे असतात. रिसीव्हरला ६ ते ८ लागतात. ३ ओहम जोडले तर तो जास्त करंट ओढून तापेल आणि प्रोटेक्शनमध्ये जाईल, म्हणजे आपोआप बंद पडेल. वूफरचंही तसंच. त्या सेटमध्ये वूफरचा अँप मेन डब्यातच असतो. नव्या रिसीव्हरला वूफरसाठी नुसतं सिग्नलचं आउटपुट असतं, त्यामुळे स्वतःचा अँप असलेलाच वूफर लागेल.

पण मी तुमच्या जागी असतो तर आत्ता वूफर घेतलाच नसता. १० फूट रुंदी आणि १० फूट उंची, म्हणजे ५६ हर्ट्झच्या आसपासचा खालचा सूर दोन्ही मापांमुळे फुगणार. तुम्हाला हवेत शब्द. सतत गोंगाटात काम केलेल्यांचा कान आधी वरच्या पट्टीत, ४००० हर्ट्झच्या आसपास जातो. स, श, त, क तिथेच हरवतात. नुसता आवाज वाढवून ते परत येत नाहीत, उलट खालचा घुमारा त्यांना झाकून टाकतो. ५.१ मध्ये संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. पैसा तिथे घाला: एक बरा सेंटर (मधला स्पीकर), दोन साधे बुकशेल्फ (छोटे, फळीवर मावणारे) स्पीकर, बस. मागचे स्पीकर पुढच्या बोनसला. सेंटरचा आवाज सेटिंगमध्ये ३-४ डीबी वाढवा आणि नाइट मोड चालू ठेवा, म्हणजे जाहिरातींचा धक्काही कमी होईल.

एक गंमत लक्षात ठेवा. सेट-टॉप बॉक्सवरच्या मालिका बरेचदा स्टीरिओच असतात. रिसीव्हर स्टीरिओ मोडवर राहिला तर सेंटर मुका बसतो आणि माणूस म्हणतो, पैसे पाण्यात गेले. प्रो लॉजिक किंवा डॉल्बी सराउंड असा मोड लावायचा, म्हणजे सेंटरलाही आवाज येतो.

प्रतिसाद २

जुना घ्यायला हरकत नाही. जुन्यातून फोर-के चित्र जाणार नाही ही भीती नको, स्ट्रीमिंग स्टिक आणि सेट-टॉप बॉक्स थेट टीव्हीला लावा, रिसीव्हरला फक्त आवाज द्या. मात्र जुन्यात फक्त ऑप्टिकल असेल तर आवाजासाठी वेगळा रिमोट येणार. अण्णांच्या हातात दोन रिमोट देऊन बघा काय होतं ते. एआरसी असेल तर टीव्हीच्याच रिमोटवर काम भागतं. आणि टीव्हीचं ऑडिओ आउटपुट पीसीएमवर (साध्या डिजिटल आवाजावर) असेल तर बहुतेक वेळा दोनच चॅनेल जातात, तेवढं बदला.

अण्णांची ऑडिओमेट्री (कानांची तपासणी) केलीय का? नसेल तर रिसीव्हरच्या आधी ती करा. रागावू नका.

प्रतिसाद ३

मीही सोलापूरचाच, जुळे सोलापूर. शोकेसची काच काढा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो, बंद काचेत रिसीव्हर भाजून निघेल. वर वीतभर मोकळी जागा ठेवा, त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. खाली सतरंजी आणि समोरच्या भिंतीला जाडजूड चादर टांगा. आपल्या गावात चादर विकत घ्यायची म्हणजे लाज वाटते, घरात दहा असतात! बास तिनं कमी होत नाही, पण शब्दांचं घुमणं नक्की कमी होतं. रिसीव्हरसोबतचा माइक लावून सेटिंग करायचं ते कारखाना बंद असताना करा, नाहीतर लूमचाही आवाज मापात येईल.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. लेबल बघितलं, ३ ओहमच निघाले. ऑडिओमेट्रीचं बरोबर आहे, पुढच्या आठवड्यात नेतो. साउंडबारपेक्षा वेगळा सेंटर हे आता पक्कं.

दरम्यान मित्राचा जुना स्टीरिओ अँप आणि एक बुकशेल्फ स्पीकर आणला, स्टुलावर ठेवून तोंड थेट अण्णांच्या खुर्चीकडे केलं, समोर चादर टांगली. बास पूर्ण कमी. अण्णांनी अर्धा भाग न विचारता बघितला, मग म्हणाले, "जरा कमी कर की, कान फुटतील." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

व्ही३८५ कडे कल आहे. आता अडचण एकच: आई शोकेसची काच काढू देत नाहीये, आत तिच्या लग्नातल्या बशा आहेत. काच तशीच ठेवून मागची प्लायवूड कापली आणि छोटा पंखा बसवला तर चालेल का? कुणी केलंय का असं?