पोळं पिळून काढलेला मध आपण विकत घ्यावा का?

घाटवाट:
रस्त्याच्या कडेला बादलीत पोळं घेऊन बसलेला माणूस दिसला की बरेच जण गाडी थांबवतात. "समोर पिळून देतो, भेसळीचा प्रश्नच नाही," असं तो सांगतो आणि आपला विश्वास बसतो. माझं म्हणणं असं आहे की हा मध घेऊच नये.

पोळ्यात नुसता मध नसतो. त्याच कोठ्यांत राणी अंडी घालते, अळ्या वाढतात, पराग साठवला जातो. आग्या मोहोळाचं एकच मोठं पोळं असतं. फांदीला लागून असलेल्या वरच्या जाड भागात मध आणि त्याच्या खाली सगळी पिल्लं. अख्खं पोळं उतरवून फडक्यातून पिळलं की अळ्यांचा रस आणि पराग मधात उतरतो. असा मध गढूळ दिसतो, त्यावर फेस येतो आणि तो लवकर आंबतो. वसाहतीची पुढची पिढी गेली ती वेगळीच.

शिवाय मेण काही फुलांवरून आयतं मिळत नाही. कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून ते बारीक पापुद्र्यांच्या रूपात निघतं, ते चावून मऊ करून ती कोठ्या बांधते. एक किलो मेणासाठी माशांना साधारण सहा ते आठ किलो मध खर्च करावा लागतो असं धरतात. माशा पाळायच्या लाकडी पेटीत पोळं सुट्या चौकटीत असतं, ती चौकट मधयंत्रात फिरवून रिकामी करता येते आणि जशीच्या तशी परत ठेवता येते. हे यंत्र १८६५ पासून माहीत आहे. मग आजही पोळं पिळायचं कशासाठी?

मेळघाटी:
तुमचा राग समजतो, पण 'घेऊच नये' हे मला अजिबात मान्य नाही. आग्या माशी पेटीत राहत नाही. ती उघड्यावर, उंच झाडावर नाहीतर कड्याला पोळं लावते आणि हंगामानुसार जागा बदलते. तिचा मध हवा तर पोळ्यालाच हात घालावा लागतो, यंत्राचा तिथे उपयोग नाही.

हात कसा घालायचा हा खरा प्रश्न आहे. आमच्या मेळघाटात कोरकू आदिवासी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मध काढत आली आहेत. पूर्वी रात्री टेंभा लावून अख्खं पोळं उतरवायचे, त्यात माशाही जळायच्या. आता प्रशिक्षण घेतलेले गट अंगभर पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापतात आणि पिल्लांचा भाग झाडावरच ठेवतात. पिल्लं असली की माशा पोळं सोडत नाहीत, कापलेल्या जागी पुन्हा मधाचा भाग बांधतात. त्याच पोळ्यातून हंगामात पुन्हा मध मिळतो. तुम्ही सरसकट बहिष्कार घातलात तर पोळं राखणारा माणूस आधी उपाशी मरेल. पोळं जाळणारा मिळेल त्या भावाला विकून मोकळा होईल.

आणखी एक. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजांमध्ये, म्हणजे रानातून गोळा करायच्या वस्तूंमध्ये, मध आणि मेण दोन्हींची नावं आहेत. ते गोळा करणं हा कोरकूंचा हक्क आहे.

घाटवाट:
हक्काबद्दल वाद नाही. पण हायवेवरचा बादलीवाला तुमच्या गटातला नसतो हे तुम्हीही मान्य कराल. त्याच्या बादलीत तळाला गुळाचा नाहीतर साखरेचा पाक आणि वर पोळ्याचा तुकडा असू शकतो. ग्राहकाला फरक कळणार कसा?

मांघरची पाहुणी:
कळतो, तुकडा हातात घेऊन नीट पाहिला तर. माझं माहेर महाबळेश्वरकडचं, घरात सातेरी या पाळता येणाऱ्या माशीच्या पेट्या आहेत. पेटीत खाली पिल्लांचा कप्पा आणि वर मधाचा वेगळा कप्पा असतो. वरच्या कप्प्यातली नवी चौकट अगदी फिकट, जवळजवळ पांढरी असते. कोठ्यांवरच्या मेणाच्या टोप्या पातळ आणि सपाट दिसतात, आतला मध पिकलेला, म्हणजे पाणी आटून घट्ट झालेला असतो. पिल्लं असलेल्या कोठीची टोपी तपकिरी आणि किंचित फुगीर असते. सातेरीच्या नराच्या कोठीच्या टोपीला तर मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं. ज्या कोठ्यांत पिल्लं वाढून गेली त्या पुढे काळपट होतात, कारण प्रत्येक पिल्लाच्या कोशाचा पातळ थर आत चिकटून राहतो. तेव्हा बरणीतला तुकडा काळा, जाड, चिवट असेल तर तो पिल्लांच्या भागातला आहे, सरळ परत करा.

पांढऱ्या चौकटीतला तुकडा मात्र मी आनंदाने विकते आणि खातेही. त्यात एकही अळी मरत नाही. २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं तेव्हापासून पर्यटक पोळ्याचा तुकडा आवर्जून मागतात. जांभळाचा आणि हिरड्याचा मध वेगवेगळा चाखून बघतात. यात वाईट काय आहे?

घाटवाट:
पेटीतल्या अशा तुकड्याला माझा विरोध मागे घेतो. रानातल्या पिळलेल्या मधाला आहे तो आहेच.

करंडा:
मधावरच सगळी भांडतायत, मेणाचं कोणी बोलत नाही! माझी आजी कपाळाला आधी मेणाचं बोट लावायची आणि त्यावर कोरडं कुंकू टेकवायची. करंड्याशेजारी मेणाची डबी असायचीच. भेगाळलेल्या टाचांना राळ आणि मेणाचं मलम. चांभारकाका दोरा मेणावरून ओढून मग चामडं शिवायचे. ओतकाम करणारे आधी मेणाची मूर्ती घडवतात, तीवर मातीचा साचा करतात, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात. पोळं कापायचंच नाही म्हटलं तर हे मेण कुठून आणायचं?

मांघरची पाहुणी:
पेटीतूनही मेण मिळतं, ताई. मध काढण्याआधी चौकटीवरच्या टोप्या सुरीने कापतो, ते सगळ्यात स्वच्छ मेण. जुन्या काळ्या चौकटी तर काढाव्याच लागतात, नाहीतर मेणकिडा लागतो. गरम पाण्यात वितळवून गाळलं की वर थर धरतो. प्रमाण थोडं असतं हे खरं.

करंडा:
थोडं म्हणजे ओतकामवाल्याला पुरणार नाही इतकं. त्याला रानातलंच मेण लागतं. म्हणून मी मेळघाटींच्या बाजूने.

तिसरा मजला:
शहरातल्यांसाठी एक गोष्ट. इमारतीच्या सज्जाला लागलेलं आग्या मोहोळ औषध फवारून काढलं असेल तर ते पोळं कोणालाही नेऊ देऊ नका. कीटकनाशक मधातही उतरतं आणि मेणातही. आमच्या सोसायटीत काढणाराच ते पिशवीत भरून नेत होता, आम्ही अडवलं. जिथे कोणाला धोका नाही तिथे मोहोळ राहू द्यावं असं माझं मत आहे. पावसाळ्याआधी बहुतेक वेळा ते आपणहून उठून जातं.

बाळाची आई:
मध कुठलाही असो, एक वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नका. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आमच्या डॉक्टरांनी बारशालाच बजावलं होतं, तरी घरातल्या मोठ्यांना पटवताना नाकी नऊ आले.

मेळघाटी:
घाटवाट, तुम्ही अर्धी माघार घेतलीत, उरलेल्या अर्ध्यासाठी माझी एक मागणी ऐका. बरणीवर कुठल्या माशीचा मध, कुठल्या तालुक्यातला आणि पोळं अख्खं उतरवलं की नुसता मधाचा भाग कापला, एवढं लिहिलेलं असावं. आमचे गट हे लिहून द्यायला तयार आहेत. कापलेल्या पोळ्याचा फोटोही देतील.

घाटवाट:
असं लिहिलेली आणि फोटो असलेली बरणी मी घेईन. बादलीवाल्याकडून मात्र घेणार नाही, आणि दुसऱ्यालाही घेऊ देणार नाही.